खालच्या तीन बांध्या

नागपूरचं राज्य मोडून चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वडगडला नळ आले. शहरातल्या लोकांनी नळाला हार घातले, पेढे वाटले. इस्तारीला मात्र नळ आल्याचं कळलं ते पायांना. सकाळी तो हौदाची फळी उचलायला पाटात उतरला, तर रोज घोट्याला लागणारं गटाराचं पाणी त्या दिवशी गुडघ्याला लागलं.

इस्तारी वडगडच्या म्युनिसिपल कमिटीच्या शेतावर पाणी लावायचा. वडगडच्या साऱ्या गटारांचं पाणी एका पाटानं शहराबाहेर दीड मैलावर आणून हौदात घेतलं होतं. तिथून ते बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांत, फिरवायचं. पाण्याच्या जोडीला सोनखत. शहरातल्या पायखान्यांचा मैला बैलगाड्यांतून यायचा, लांबलचक खड्ड्यांत कचऱ्याच्या थरावर थर देऊन पुरला जायचा, आणि सहा महिने मुरला की काळाभोर, भुसभुशीत, बिनवासाचा होऊन निघायचा. त्यावर मका अंगावर यायचा, वांग्याच्या झाडाला टेकू द्यावा लागायचा. शेतावर बारा बांध्या होत्या. वरच्या नऊ पिकायच्या, खालच्या तीन पहिल्यापासून पडीक होत्या. त्यांच्या पलीकडे दोनशे पावलांवर चिचटोल्याची विहीर.

चिचटोला हे इस्तारीचं गाव. जात ढिवराची, बापजाद्यांचा धंदा गावच्या बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, मासोळी. चार सालांमागं बोडीची पाळ फुटली. ती कोणी बांधली नाही, आणि मासोळीबरोबर धंदाही वाहून गेला. थोरला भाऊ लटारू जाळं घेऊन नदीचे डोह धुंडत राहिला. इस्तारीनं कमिटीच्या शेतावर फावडं धरलं, आणि त्याची बायको गिरजा सोनखताच्या टोपल्या वाहायला लागली. पंचांनी त्यांना दंड केला नाही, वाळीतही टाकलं नाही. फक्त लग्नाच्या पंगतीत इस्तारीच्या दोन्ही अंगांची पानं रिकामी राहू लागली. तिसऱ्या लग्नानंतर गिरजा म्हणाली, "आपुन तिकडेच राहू, वावरावर." पोरबाळ नव्हतंच. दोघं हौदाजवळच्या टिनाच्या खोलीत राहायला आली. तिथं प्यायला वरच्या अंगाची कमिटीची विहीर होती.

गावात त्याला हातानं वाढणारं एकच माणूस उरलं होतं. लटारूची बायको, रुखमाबाई. इस्तारी सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हा नवी नवरी असलेल्या रुखमाबाईनं त्याला कडेवर घेतलं होतं. अजूनही तो गेला की ती दारात बसवून आंबाडीची भाजी आणि भात द्यायची, आणि शेजारीण पाहत असली की मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "अजून घे ना रे, लाजतं काऊन?"

*

नळ आले त्याच महिन्यात शेतावर नवे ओव्हरसियर आले. गुणवंतराव. चाळिशीचा किरकोळ माणूस, दम्याचा. नाकाला उपरणं बांधून हिंडायचा आणि कोणाला शिवी द्यायचा नाही. वैशाखातल्या एका सकाळी त्यांनी खताच्या रिकाम्या गाडीवर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली आणि इस्तारीला हाक मारली.

"आजवर कसं द्यायचा पाणी?"

"तीन दिवस पाजायची अन् सहा दिवस बांधी सुकू द्यायची. आळीपाळीनं. मंग नांगर फिरवाचा."

"आणि आता?"

इस्तारीनं खाली वाकून चौथ्या बांधीतली मूठभर माती उचलली आणि गाडीवर ठेवली. वर काळी, चिकट साय आली होती. आत मातीला सडक्या अंड्याचा वास येत होता. "आता सुट्टीच नाई भेटत, साहेब. पानी दुप्पट झालं. वावरालेबी अजीर्ण होते. मका पाहा ना, पिवळा पडला."

गुणवंतरावांनी मान हलवली. ते त्यांनाही दिसत होतं. मग त्यांनी पेन्सिलीनं नकाशाच्या खालच्या अंगाला तीन चौकटी काढल्या. "म्हणून या तीन बांध्या धरायच्या. वरच्या नऊंना पंधरा दिवस सुट्टी, पाणी सगळं खाली. पावसाळ्याच्या आत खड्डेही रिकामे करायचे आहेत, ते खत तिथंच. आषाढात धान लावू."

इस्तारी खालच्या बांध्यांकडं बघत राहिला. गुणवंतरावांनी वर पाहिलं. "काय झालं?"

"खालच्या बांध्याईले पानी नका देऊ, साहेब."

"का?"

"तिथी हातभर मातीखाली मुरूम हाये. मुरमातून पानी झिरपते. तिकडे आमच्या गावची विहीर हाये."

"दोनशे पावलं आहे विहीर. मोजली मी. पुस्तकात याच्या निम्मंही अंतर चालतं म्हणून लिहिलंय."

"पुस्तकातला मुरूम अलग असन." इस्तारी खाली बघून बोलत होता. "मागच्या दुष्काळात म्या अन् माह्या भावानं विहीर खोल केली होती. पानी इकडच्याच अंगानं येत होतं. दगडाले घाम सुटल्यावानी."

गुणवंतरावांना खोकल्याची उबळ आली. ते गाडीच्या चाकाला धरून उभे राहिले, आणि उबळ गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मग हे पाणी मी ठेवू कुठं, इस्तारी? नदीच्या डोहात सोडू? खालच्या चार गावांची जनावरं तिथं पाणी पितात. हौदात कोंडू? मग परत शहरात चढेल, कमिटीच्या प्रेसिडेंटसाहेबांच्या दारात. वरच्या बांध्यांना पाजू? जमीन मरेल. तू चार वर्षं पाणी लावतोस. तूच सांग."

इस्तारीनं हौदाकडं पाहिलं. गटाराचं पाणी रोज येतं. ते आज नको, उद्या ये म्हणून सांगायची सोय नसते.

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे," गुणवंतराव म्हणाले. "मृगाचा पाऊस झाला की बंद करू. आणि हे बघ, मला इथं मेटाची, मजुरांवरच्या मुकादमाची, जागा भरायची आहे. तुझ्याइतकं या जमिनीचं कोणाला कळत नाही."

हे ते खुशामतीनं बोलले नव्हते, आणि म्हणूनच इस्तारीला ते लागलं. चार वर्षांत त्याला कोणी असं म्हटलं नव्हतं.

*

खड्डे उपसायला दहा बायका आणि बाबुलाल लागला. बाबुलाल मैल्याची गाडी हाकायचा. वीस वर्षांपूर्वी उत्तरेकडून आला, वडगडलाच राहिला. त्याची बोली अर्धी हिंदी, अर्धी इकडची. खड्डा उघडण्याआधी तो लोखंडी सळई आत खुपसायचा, चिलीम पिऊन होईतो थांबायचा आणि सळई उपटून मुठीत धरायचा. थंड लागली तर खत पिकलं.

पहिले दोन खड्डे पिकले होते. तिसऱ्या खड्ड्यातली सळई त्यानं मुठीत धरली आणि लगेच सोडली.

"कच्चा है, भाई. चटका देते. अजून दोन महिने तरी पाह्यजे याले."

इस्तारी गुणवंतरावांकडे गेला. ते हौदाच्या कठड्यावर कागद मांडीवर घेऊन बसले होते. "अर्धं तरी मुरलं असेल ना?" ते म्हणाले. "पावसाळ्यात खड्डे भरलेले राहिले तर मैला ओसंडून वाहील. मग काय करायचं? पातळ पसरा. उन्हानं वाळेल."

तिसरा खड्डा उघडला तेव्हा आतून वाफ निघाली. बायकांनी पदर नाकाला घट्ट बांधले. काळ्या खताच्या जागी पिवळट, चिकट लगदा होता. त्यात चिंध्या, केरसुण्यांच्या काड्या, तशाच राहिलेल्या पत्रावळी. टोपलीच्या भेगांतून पाणी बायकांच्या मानेवर ओघळायचं. चौथ्या दिवशी गिरजाच्या पायांच्या बोटांत पांढरी कातडी सुटली आणि आठव्या दिवशी तिथं भेगा पडल्या. संध्याकाळी ती खोलीच्या दारात बसून भेगांत करंजाचं तेल भरायची. तोंडातून आवाज काढायची नाही. नुसती पायाची बोटं ताठ व्हायची.

"खालच्या बांधीत पसरून राह्यलो ते खत," एकदा ती म्हणाली. "तिकडून विहीर दिसते. वयनी पानी भरत होती. मले पाहून हात केला तिनं."

इस्तारी फावड्याचा दांडा ठोकून बसवत होता. "साहेबाले सांगतलं म्या."

"मंग?"

"मंग काय? पंधरा दिवस म्हन्ते."

"तू नाई सोडलं त दसरू सोडन," गिरजा म्हणाली. दसरू दुसरा पाणीवाला. "पानी काई थांबत नाई. अन् आपल्याले जागा नाई दुसरी." तिनं पाय जवळ ओढून घेतले. "गावाले सांगून देशीन का?"

त्यानं दांडा आणखी एकदा ठोकला. सांगितलं तर गाव कमिटीवर जाईल, आणि साहेब पहिलं त्यालाच विचारतील. शिवाय गाव ऐकणार कोणाचं? ज्याच्या शेजारी कोणी जेवायला बसत नाही, त्याचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खालच्या बांध्यांकडं पाणी सोडणाऱ्या मोरीची फळी उचलली. पाणी कोरड्या जमिनीवर धावत गेलं. पडीक बांधीत पहिल्यांदाच पाणी जात होतं. भेगांतून बुडबुडे आले. वरच्या बांधीत चार बोटं पाणी मुरायला दुपार व्हायची. इथं सूर्य कासराभर वर येतो तो जमीन पुन्हा उघडी पडली होती. एवढं पाणी गेलं कुठं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

*

दोन दिवसांनी तो चिचटोल्याला गेला. रुखमाबाई अंगणात बसून लटारूचं जाळं विणून दुरुस्त करत होती. विहीर आटत चालली होती. बायका खरवडून पाणी काढायच्या, दोर पार संपायचा. तिनं त्याच्यापुढं लोटा ठेवला. इस्तारीनं तो उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

"वयनी, पानी उकळून पेत जा काही दिवस."

"काऊन?"

"उन्हाळा हाये. खालचं गाळाचं पानी हाये."

रुखमाबाई हसली. "उकळलेलं पानी बिमार मानूस पेते. अन् कोरड्या दिवसात पान्यासाठी लाकडं जाळू का मी? तुह्या भावाले सांग, रान आणून दे म्हनाव माह्या दारात." तिनं जाळ्याची गाठ दातांनी ओढली. "तू असा काऊन झाला रे? तोंड उतरलं तुहं. जेवून जा."

तो जेवला. पाणी मात्र प्यायला नाही. जाताना लटारू दारात भेटला. दोघा भावांचं चार सालांत कामापुरतंच बोलणं होतं. "पाऊस लांबला," लटारू म्हणाला. "हो," इस्तारी म्हणाला, आणि वाटेला लागला. बांधावर येईपर्यंत तीनदा तो परत फिरायला थांबला. तीनदा पुढंच गेला.

मृग कोरडा गेला. पंधराचे वीस दिवस झाले. वरच्या बांध्यांना खरोखरच बरं वाटू लागलं. नांगर फिरल्यावर मातीचा वास मातीसारखा यायला लागला. गुणवंतराव रोज तिकडं जायचे, मूठ भरून वास घ्यायचे आणि कागदावर लिहायचे. "बघ, जमीन परत आली," ते म्हणाले. खालच्या बांध्या त्यांनी नीट पाहिल्याच नाहीत असं नव्हे. पण तिथं पाणी साचत नव्हतं, वास राहत नव्हता, तक्रार नव्हती.

विसाव्या दिवशी दुपारी चिचटोल्याहून निरोप आला. रुखमाबाईला सकाळपासून जुलाब-ओकारी.

इस्तारी पळत गेला. घरात शिरल्याबरोबर त्याला वास आला. भाताच्या पेजेसारखं पांढरं पाणी अंगणापर्यंत आलं होतं. लटारू भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे. रुखमाबाई चटईवर होती. सकाळपासून दुपारपर्यंत तिच्यातलं अर्धं माणूस निघून गेलं होतं. डोळे खोल, गाल आत, बोटांची कातडी दिवसभर पाण्यात काम केल्यासारखी सुरकुतलेली. पोटऱ्यांत गोळे येत होते. गोळा आला की ती उचलली जायची. इस्तारी तिच्या पायाशी बसला आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबून धरू लागला. त्याच्या हातांना ते गोळे दगडासारखे लागत होते.

"पानी," ती म्हणाली. आवाज घशातच राहत होता.

रुखमाबाईच्या सुनेनं घागरीतून लोटा भरला. इस्तारीनं तो तिच्या हातातून घेतला आणि अंगणात ओतून दिला. "उकळून आण. चुलीवर ठेव. जल्दी." सून तोंडाकडं बघत राहिली, मग चुलीकडं गेली.

रुखमाबाईनं डोळे त्याच्याकडं वळवले. पाहायला तिला जोर लावावा लागत होता.

"तुले कसं मालूम होतं रे?" ती म्हणाली.

इस्तारीचे हात पोटरीवरच थांबले. लटारूनं मान उचलली, पण त्याला ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हन्ते?" त्यानं विचारलं.

"काई नाई," इस्तारी म्हणाला.

चुलीवरचं पाणी उकळलं, ते परातीत गार करायला ठेवलं. ते गार व्हायच्या आत ती गेली. ऊन अजून अंगणातच होतं.

*

चार दिवसांत चिचटोल्यात सात माणसं गेली. वडगडहून सरकारी डॉक्टर आले. शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना रांगेत उभं करून सुया टोचल्या, विहिरीत लाल दवा टाकली. डॉक्टर म्हणाले, हा रोग जत्रेतून आला असेल, एखादा माणूस घेऊन आला असेल, विहीर आता साफ झाली. पाणी गुलाबी झालं. दोन दिवस कोणी आजारी पडलं नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याचा गुलाबी रंग गेला, आणि चौथ्या दिवशी गावातल्या पत्रूची म्हातारी आई गेली.

या साऱ्या दिवसांत खालच्या मोरीची फळी वरच होती. इस्तारी गुणवंतरावांपुढं उभा राहिला. "साहेब, माह्या घरचं मानूस गेलं. आता बंद करा."

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. "मला कळतंय रे. पण डॉक्टर जत्रेचं म्हणतात ना? आपण उगाच अंगावर का घ्यायचं? तू असं बोललास तर उद्या हे शेतच बंद पडेल, तीस माणसांचं पोट आहे त्यावर. दोन दिवस. ढग आलेत बघ." त्यांचा आवाज कापत होता. त्यांना माहीत आहे, हे इस्तारीला त्या आवाजावरून कळलं. दोन माणसांना माहीत होतं आणि दोघंही ढगाकडं बघत होते.

तो हौदाकडं परत आला तेव्हा गिरजा लंगडत पळत येत होती. पायाच्या भेगांतून रक्त निघालं होतं.

"बाबुलालले धरलं," ती म्हणाली. "गाववाल्यानं. मारून राह्यले त्याले."

मरीमायच्या ओट्यापुढं सारं गाव जमलं होतं. बाबुलालची गाडी उलथून पडली होती, मैला रस्त्यावर सांडला होता. बाबुलालला त्याच्याच बैलाच्या दोरानं कडुनिंबाला बांधलं होतं. एक कान फाटला होता, दात ओठात घुसले होते. तो ओरडत नव्हता. डोळे मिटून नुसता श्वास घेत होता. त्याच्या गाडीनं गावाच्या शिवेवरून जवळची वाट धरली म्हणून माय कोपली, असं सोमाजी सांगत होता. सोमाजी पंचांतला थोरला. लटारू पुढं उभा होता. त्याच्या हातात होडीचं वल्हं होतं, आणि ते उचलायची ही पहिली वेळ नव्हती हे वल्ह्याच्या टोकावरच्या रक्तावरून दिसत होतं.

"सोडा त्याले," इस्तारी म्हणाला.

कोणी वळलं नाही.

"सोडा म्हन्तो ना! बिमारी गाडीतून नाई आली. विहिरीतून आली. खालच्या बांध्याईचं पानी विहिरीत उतरून राह्यलं."

आता लोक वळले. सोमाजीनं विचारलं, "तुले कसं मालूम?"

तेच शब्द. इस्तारी सोमाजीपुढं येऊन उभा राहिला.

"पानी म्या लावलं. माह्या हातानं फळी उचलली."

बाबुलालनं डोळे उघडले. लटारू दोन पावलं पुढं आला.

"कवा?"

"अठ्ठावीस दिवस झाले."

"अन् तुले मालूम होतं? पानी उतरते म्हणून?"

"हो."

"तवापासून?"

"तवापासूनच. आपुन दोघांनं विहीर खोल केली होती ना, भाऊ. तुलेबी मालूम होतं मुरमाचं. फक्त पानी सोडलं हे तुले मालूम नव्हतं."

लटारूचा हात वर गेला. इस्तारीनं डोकं चुकवलं नाही. पण वल्हं तसंच खाली आलं, जमिनीवर टेकलं, आणि लटारू त्यावर भार देऊन उभा राहिला, म्हातारा माणूस काठीवर राहतो तसा. "तिनं तुले कडेवर घेतलं होतं," तो म्हणाला. बस, एवढंच. मग तो घराकडं गेला. त्याच्या मागोमाग एकेक करून गाव गेलं. इस्तारीला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, त्याच्या अंगावर कोणी थुंकलंही नाही. ते त्याच्याभोवतीनं असे गेले की जणू तिथं खड्डा होता.

त्यानं आणि गिरजानं बाबुलालचा दोर सोडला, गाडी सरळ केली. बाबुलालला गाडीत घालून गिरजा वडगडच्या दवाखान्याकडं निघाली. इस्तारी शेतावर आला. त्यानं खालच्या मोरीची फळी खाली टाकली, तिच्यावर दगड रचले, दगडांवर माती ओढली आणि पायांनी तुडवून घट्ट केली. दसरू लांबून बघत होता. हौदातलं पाणी चढू लागलं. संध्याकाळच्या आत गटार शहरात तुंबलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतरावांनी चपराशाबरोबर निरोप पाठवला की खोली रिकामी करावी. ते स्वतः आले नाहीत. खालच्या बांध्या मात्र त्यांनी पुन्हा धरल्या नाहीत. सारं पाणी डोहात सोडलं, आणि वरच्या कचेरीला तसा कागद लिहिला.

*

विहीर गावानं काटेरी फांद्या टाकून बंद केली. आता पाणी नदीतलंच, आणि तेही शेताच्या वरच्या अंगाचं. तिथं नदी कोरडी होती. नुसती वाळू, अर्धा कोस लांब.

पहाट फुटायला इस्तारी फावडं घेऊन नदीत उतरला. ढिवराच्या पायाला वाळूखालचं पाणी कळतं. तो अनवाणी फिरला, एका वळणाशी थांबला आणि खणायला लागला. छातीएवढं खाली गेल्यावर वाळू ओली झाली, मग गार झाली, मग बोटाएवढी धार आली. त्यानं त्या खड्ड्याच्या, झिऱ्याच्या, कडा ओल्या वाळूनं थापल्या, करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं. पाणी हळूहळू भरलं, गढूळ होतं ते निवळलं, तळाचे खडे दिसायला लागले. तो वर आला आणि दरडीवर पळसाच्या सावलीत बसला. गिरजा गाठोडं घेऊन तिथंच बसली होती. दोघांना आता एटापल्लीच्या रानात बांबू तोडायला जायचं होतं. ठेकेदार माणसं घेत होता, आणि तिथं कोणी गाव विचारत नव्हतं.

उन्हं वर आली तेव्हा गाव नदीत उतरलं. पुढं लटारू, मागं घागरी घेतलेल्या बायका. डोक्यावरच्या घागरींत एक रुखमाबाईची होती. ती सुनेनं घेतली होती. लटारू झिऱ्यापाशी आला आणि काट्यांचं कुंपण बघून थांबला. हे काम कोणाचं, हे दुसऱ्या ढिवराला विचारावं लागत नाही. त्यानं मान वर करून दरडीकडं पाहिलं नाही. तो वाकला, काटे उपसून बाजूला फेकले, आणि पायानं वाळू आत लोटायला लागला. कडा ढासळल्या. पाणी वाळूखाली गेलं. तो त्यावर उभा राहिला, दोन-तीनदा पाय आपटले, मग तिथून दोन हात अंतर मोजलं आणि कुदळ मारली.

गिरजानं तोंडाला पदर लावला. "तेच पानी ना ते?" ती म्हणाली.

"तेच," इस्तारी म्हणाला.

लटारू म्हातारा झाला होता. खणता खणता थांबत होता. एकदा तो दम खायला वाळूवर बसला तेव्हा इस्तारी उठून उभा राहिला, आणि मग परत बसला. ऊन चांगलं तापल्यावर पाणी लागलं. बायका करवंटीनं घागरी भरू लागल्या. पहिली घागर भरायला पुष्कळ वेळ लागला. लटारूनं तिच्यातलं ओंजळभर पाणी घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि तो ते प्यायला.

तेवढं पाहून इस्तारीनं गाठोडं उचललं.